पाणी आलं!

काळाचौकीची_सून
मंगळवार, सकाळी ८:१०

आमच्या चाळीत पहाटे चार पन्नासला पाणी येतं आणि सहाच्या आसपास जातं. लग्न होऊन या घरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मोरीतल्या नळाकडे मी नीट पाहिलं असेल असं वाटत नाही. गजर झाला की उठायचं, नळाखाली कळशी लावायची, पिंप भरेपर्यंत चहा टाकायचा.

गेल्या आठवड्यात कुठल्याशा खोदकामात गल्लीच्या तोंडाशी जलवाहिनी फुटली. पावणेतीन दिवस नळ कोरडा.

पहिल्या दिवशी पिंपावर भागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ धुवायला घेतले आणि हात थांबला. तांदूळ धुतल्यावर ते पाणी ओतून द्यायचं असतं, एवढी साधी गोष्ट, पण मला ते ओतवेना. शेवटी त्याच पाण्यात भांडी विसळली आणि ते मोरीत टाकलं. घरात चार माणसं. पोरांना तांब्या मोजून दिला. संध्याकाळी टँकर आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून लाकडी जिन्यानं कळशा घेऊन चार खेपा केल्या. रात्री खांदा उचलत नव्हता.

तिसऱ्या रात्री उशिरा कधीतरी नळातून आवाज आला. आधी नुसती हवा, मग खाकरल्यासारखं काहीतरी, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. गॅलरीच्या टोकाहून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं गं!" आणि एका मिनिटात सगळ्या खोल्यांची दारं उघडली. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांनी जेरीस आणलंय. त्या भिंतीला धरून मोरीपर्यंत आल्या, धारेखाली ओंजळ धरली आणि तोच ओला हात डोळ्यांना लावला. देवळात तीर्थ घेतल्यावर लावतो तसा.

मी विचारलं तर म्हणाल्या, "संगमेश्वरला असताना विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर नि कळशी कमरेवर घेऊन चढण चढायचे मी. इथे आले त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांनी नळ सोडून दाखवला. रडलेच. मग सवय झाली आणि विसरले." थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग विचारलं, "हे पाणी रोज सोडतं कोण गं?"

मला सांगता आलं नाही. सव्वीस वर्षं पितेय.

दुसऱ्या दिवशी चार चाळीसला खाली उतरले. गल्लीच्या कोपऱ्यावर एक माणूस लोखंडाची लांबलचक चावी रस्त्यातल्या झाकणात घालून फिरवत होता. मी जवळ गेले तशी त्यांनीच विचारलं, "ताई, तुमच्याकडे प्रेशर कमी येतंय का?" म्हटलं, "नाही हो, चांगलं येतंय. तेच सांगायला आले." त्यांनी चावी थांबवली. म्हणाले, अकरा वर्षं या भागात आहे, लोक खाली येतात ते भांडायलाच. चहा घेता का विचारलं तर म्हणाले, अजून सात ठिकाणी जायचंय, थांबलो तर पुढच्यांचं पाणी उशिरा सुटेल.

आपल्यात घरच्यांना धन्यवाद म्हणायची पद्धत नाही, म्हटलं तर माणूस परका वाटतो. आपण ते हातातून दाखवतो, वाटी पुढे करून, डबा भरून देऊन. पण ज्याला आपण ओळखतच नाही त्याला वाटी कशी पुढे करणार?

म्हणून हा धागा. तुमच्या दिवसातली अशी एक गोष्ट लिहा, आणि तिच्यामागचं माणूस तुम्हाला ठाऊक असेल तर त्याबद्दलही लिहा.


मोगरा_आणि_मी
मंगळवार, सकाळी ८:५२

सासूबाईंनी डोळ्यांना हात लावला तिथे थांबले. पुढचं नंतर वाचलं.


भांडुपची_पोर
मंगळवार, सकाळी ११:३०

ताई, माझे बाबा चावीवाले होते. एकतीस वर्षं नोकरी करून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमचा लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं, आईला ऐकवायला.

लोकांना वाटतं नळ उघडला की पाणी येतं, म्हणजे नळीत ते कायम भरलेलंच असतं. तसं नाही. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी वेळेनं सुटतं. एका भागाचा व्हॉल्व्ह बंद केला की मग दुसऱ्याचा उघडतात, त्याशिवाय सगळीकडे पुरेसा दाब मिळत नाही. हे बरंचसं अजून माणसाच्या हातानं होतं. ती चावी म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी जड सळई, वर आडवा दांडा. मोठा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला कितीतरी फेरे द्यावे लागतात आणि फेरे मोजावे लागतात. बाबा म्हणायचे, घाईनं उघडलं तर पाणी नळीत धडक मारतं, जुना जोड सुटतो. म्हणून हळूहळू. थंडीत, पावसात, गणपतीत, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तर वेळेच्या आधीच.

आमच्या घरी अभ्यंगस्नान नेहमी दुपारी व्हायचं. लहानपणी मला याचा फार राग यायचा. सगळी चाळ पहाटे फटाके वाजवायची आणि बाबा कुणाच्या तरी नळाला पाणी सोडायला गेलेले असायचे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी बाबा दुपारपाळीला गेले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले. कमरेएवढ्या पाण्यातून चालत. घरी येऊन पहिलं काय केलं तर नळ सोडून पाहिला, आपल्याकडे पाणी येतंय ना म्हणून. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. बाहेर सगळीकडे पाणीच पाणी असताना नळाचं पाणी कशाला बघायचं? आता कळतं. पुराच्या दिवसात प्यायचं पाणी हेच सगळ्यात अवघड.

आज संध्याकाळी त्यांना हा धागा वाचून दाखवते. डोळ्यांना कमी दिसतं त्यांना आता.


गिरगावातला_वाचक
मंगळवार, दुपारी १:१५

या विषयावर मी बरंच वाचलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुंबई बेट होतं, म्हणजे चारी बाजूंनी खारं पाणी. लोक विहिरी आणि तळ्यांवर जगायचे. धोबीतलाव, गोवालिया टँक ही आज नुसती नावं उरलीत, तिथे खरोखर तलाव होते. चर्चगेटजवळ भिका बेहरामची विहीर आहे, १७२५ ची, समुद्र एवढा जवळ असून तिचं पाणी गोड. पारशी मंडळींनी ती आजही श्रद्धेनं जपली आहे. विहीर खणून लोकांना पाणी देणं हे पुण्याचं काम मानलं जायचं. रस्त्यारस्त्यावरच्या दगडी प्याऊ त्याच भावनेतून उभ्या राहिल्या.

शहर वाढलं तशी ती तळी गढूळ झाली, पटकी पसरायची. मग मिठी नदीवर बांध घालून विहार तलाव केला आणि १८६० च्या सुमाराला नळानं पाणी आलं. १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडक सागर झाला, त्याला अभियंता मोडक यांचं नाव आहे. मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि अगदी अलीकडे २०१४ ला मध्य वैतरणा. असे सात. सातही भरले की साठा साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या जवळ जातो आणि रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी शहराला मिळतं.

या हिशेबात मला एका गोष्टीचं फार वाटतं. हा साठा चार महिन्यांच्या पावसात भरतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवावा लागतो. आपण जूनमध्ये लोकल उशिरा आली की पावसावर चिडतो. पण आपण मार्चमध्ये पितो ते त्याच पावसाचं पाणी असतं. वडील वर्तमानपत्रात तलावांच्या पातळीचा तक्ता रोज वाचायचे, शेअर बाजाराच्या आधी. तुळशी भरून वाहायला लागला की आईला हाक मारून सांगायचे, आणि आई हातातलं काम टाकून ऐकायची.

हँगिंग गार्डनला मुलांना घेऊन गेलात तर त्यांना एकदा जरूर सांगा की ज्या हिरवळीवर ती पळतायत तिच्याखाली पाण्याची भलीमोठी टाकी आहे. माझ्या नातीनं हे ऐकून तिथेच जमिनीला कान लावला होता.


मोखाड्याचा
मंगळवार, दुपारी ३:४०

धागा चांगला आहे. वाचून बरं वाटलं आणि जरा दुखलंही, म्हणून लिहितोय.

मी घाटकोपरला राहतो, गाव मोखाडा तालुक्यात. मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात आहे. तानसा, भातसा शेजारच्या शहापूर तालुक्यात. आणि या दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकर येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे कुणी शिकवावी लागत नाही.

माझी आई उन्हाळ्यात रात्री दोनला विहिरीवर जायची. रात्री का, तर दिवसभर उपसा झाल्यावर विहिरीच्या तळाशी झऱ्यातून हळूहळू पाणी जमतं, आणि जो आधी पोचेल त्याला ते मिळतं. वाटीनं हंडा भरायचा. डोंगरावरून खाली बघितलं की धरणाचे दिवे दिसायचे.

मुंबईला नोकरी लागली तेव्हा भाड्याच्या खोलीत पहिल्या दिवशी नळ सोडला आणि पाणी हातावर घेऊन नुसता बसून राहिलो. मनात आलं, हे माझ्याच गावचं पाणी आहे, माझ्या आधी इथे येऊन पोचलंय.

मला मुंबईकरांबद्दल राग नाही. माझी पोरं आज हेच पाणी पितात. पण आभार मानायचे तर ते भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रावर थांबू नयेत. तिथून पुढे नळाच्या उलट्या दिशेनं चालत या. ज्यांची शेतं, घरं, विहिरी, देव पाण्याखाली गेले त्यांच्यापर्यंत या. त्यांच्यातली म्हातारी माणसं अजून आहेत. ती धरणाकडे बोट दाखवून सांगतात, आमचं खळं तिथे होतं, आमचा आंबा तिथे होता.


काळाचौकीची_सून
मंगळवार, संध्याकाळी ५:०५

दादा, मी चावीवाल्यांपर्यंत पोचले आणि मला वाटलं की उत्तर सापडलं. तुम्ही मला आणखी शंभरेक किलोमीटर मागे नेलंत. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, "वाटीनं भरायचं पाणी मला ठाऊक आहे."


चवदार
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

मी या धाग्यावर लिहावं की नाही याचा दिवसभर विचार केला.

माझे आजोबा महाडजवळचे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्याचं पाणी प्यायला जे हजारो लोक गेले, त्यांत ते होते. वय चौदा-पंधरा. ते नंतर गिरणीत कामाला लागले आणि नायगावला राहिले. आयुष्यभर त्यांनी कधी उभ्यानं घाईत पाणी प्यायलं नाही. पेला हातात घ्यायचे, बसायचे आणि मग प्यायचे. आम्ही नातवंडं चेष्टा करायचो. एकदा त्यांनी सांगितलं की तळ्याच्या पायरीवर उतरून पहिली ओंजळ घेतली तेव्हा पाण्याची चव कशी होती ते त्यांना आठवतच नाही, हात एवढे थरथरत होते.

म्हणून 'देवाची कृपा' हा शब्द पाण्याला लावताना माझी जीभ अडते. पाणी वरून पडतं हे खरं, पण ते कुणाच्या ओंजळीत पोचेल हे माणसांनी ठरवलं होतं आणि माणसांनीच लढून ते बदललं. आजही मुंबईत वस्तीवस्तीत हे चालू आहे. अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी मिळालं पाहिजे, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. ते काही आपोआप झालं नाही, कार्यकर्ते वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा झालं.

मला भीती वाटते ती एवढीच, की 'जे आहे त्यात समाधान माना' असं आपण ज्यांच्याकडे नळच नाही त्यांनाही सांगायला लागू. ताईंनी तसं म्हटलेलं नाही, हे मला माहीत आहे.

मीही कृतज्ञ आहे. रोज. पण माझी कृतज्ञता मार्चच्या त्या दिवसाशी बांधलेली आहे. मी पाणी बसून पितो.


मोखाड्याचा
मंगळवार, संध्याकाळी ७:४८

जय भीम दादा. पूर्ण सहमत.


काळाचौकीची_सून
मंगळवार, रात्री ९:३०

चवदार, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी 'कृपा' म्हटलं नव्हतं, पण मनात तेच होतं, हे कबूल करते. टँकरच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या, मागच्या झोपडपट्टीतल्या. आमचे ते तीन दिवस म्हणजे त्यांचं रोजचंच. त्यांनीच मला कळशी डोक्यावर घेताना चुंबळ नीट बसवून दिली. त्यांचं नावही मी विचारलं नाही. लेखात त्यांच्याबद्दल लिहायचं राहिलं, ते राहायला नको होतं.


आठ_चारची_फास्ट
मंगळवार, रात्री १०:१५

मी लोकलबद्दल लिहिते.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली, आम्हा बायकांना ऑक्टोबरमध्ये आणि बाकीच्यांना १ फेब्रुवारी २०२१ ला मुभा मिळाली, तीही ठरावीक वेळांतच. मी बँकेत नव्हते, रुग्णालयात नव्हते, एका छोट्या छापखान्यात हिशेब बघायचे. डोंबिवलीहून भायखळ्याला जायला बस बदलत बदलत तीन तास. रात्री घरी येऊन जेवायचीही ताकद नसायची. लेक झोपलेली असायची.

पहिल्यांदा परत लोकलमध्ये चढले तेव्हा खिडकीशी जागा मिळाली नाही, दारातही नाही, मधोमध दोन बायकांच्या खांद्यांत अडकून उभी होते आणि मला एवढं सुख झालं होतं! ठाण्याला कुणीतरी माझी पर्स मांडीवर घेतली. अनोळखी बाई. असं पर्स मांडीवर घेणं आपल्या डब्यात रोज होतं, कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नाही.

आमच्या डब्यात दसऱ्याला तोरण बांधतात, झेंडूच्या माळा, देवीचा फोटो, सगळ्यांना पेढे. नवीन आलेल्या मुलींना वाटतं ही नुसती हौस आहे. पण दसऱ्याला सुतार करवतीला हळदकुंकू लावतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, तसं आम्ही गाडीला घालतो. तिच्यावर आमचं पोट आहे.

आणि रुळांवरची माणसं. शेवटची गाडी गेल्यावर पहिली गाडी सुटेपर्यंत जे दोन-तीन तास मिळतात, त्यात ती रूळ तपासतात, बोल्ट आवळतात, खडी सारखी करतात. एकदा रात्री उशिराच्या गाडीतून कुर्ल्याच्या पुढे पाहिलं, दहाबारा जण नारिंगी जाकिटांत रुळांच्या कडेला आमची गाडी जाण्याची वाट पाहत उभे होते. मी हात हलवला. एकानं कंदिलासारखी बत्ती वर केली.


स्वस्तिक_७१
बुधवार, सकाळी ६:४०

माझं थोडंच आहे. दोन वर्षांपूर्वी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. नऊ दिवस तोंडावाटे काही नाही, पाणीसुद्धा नाही. सलाईन चालू, त्यामुळे शरीराला पाणी मिळत होतं, पण जिभेला ते कळत नाही. नर्स ओल्या कापसानं ओठ पुसायच्या. मी रात्रभर माझ्या लहानपणीच्या माठाचा विचार करायचो. पन्हाळ्याला आजोळी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खाली तिवई, वर पितळी झाकण, झाकणावर ओगराळं. त्या पाण्याला वाळ्याचा वास यायचा.

दहाव्या दिवशी सकाळी एक चमचा पाणी दिलं. कोमट, साधं, रुग्णालयातलं. ते घशातून खाली उतरताना मला जाणवत होतं, कुठवर पोचलं ते सांगता आलं असतं. पाच मिनिटांनी दुसरा चमचा. ज्या नर्सनं दिलं त्या केरळच्या होत्या, मराठी मोडकं बोलायच्या. चमचा पुढे करून म्हणाल्या, "काका, सावकाश."

आता रोज सकाळी पहिला घोट घेताना मी स्वतःला ते दोन शब्द सांगतो.


मोगरा_आणि_मी
बुधवार, सकाळी ७:१०

काका, मी आत्ता पाणी घेऊन बसलेय. सावकाश.


भांडुपची_पोर
बुधवार, सकाळी १०:२५

काल रात्री बाबांना सगळा धागा वाचून दाखवला, पहिल्यापासून. मध्ये दोनदा थांबवलं त्यांनी. एकदा मोखाड्याच्या दादांच्या आईंच्या ठिकाणी. म्हणाले, तरुणपणी ते तानसाच्या पाइपलाइनवर कामाला होते तेव्हा एका पाड्यावर पाणी मागितलं होतं, आणि त्या घरातल्या म्हातारीनं त्यांना हंड्यातलं शेवटचं पाणी दिलं होतं. हंडा तिरका करून. हे त्यांनी आम्हाला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा 'चवदार' यांच्या आजोबांच्या ठिकाणी. तिथे काही बोलले नाहीत, फक्त परत वाच म्हणाले.

वाचून झाल्यावर मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील, आभारांबद्दल वगैरे. पण त्यांनी ताईंसाठी प्रश्न विचारायला सांगितलेत. चाळ गल्लीच्या कुठल्या टोकाला आहे? पाणी गोलंजीच्या टाकीचं येतं की फॉसबेरीच्या? फुटलेली लाइन जोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाणी येताना नळातून ठकठक आवाज येतो का? येत असेल तर हवा अडकली आहे, वरच्या मजल्याच्या नळातून आधी ती सोडायला सांगा. आणि सकाळी जो चावी फिरवतो तो डावखुरा आहे का? असेल तर बाबांनीच त्याला शिकवलंय.


काळाचौकीची_सून
बुधवार, सकाळी १०:५०

ठकठक येतंय! परवापासून. टाकी कुठली ते विचारून सांगते. डावखुरे आहेत का ते मी पाहिलं नाही. उद्या चार चाळीसला खाली जाऊन बघते, थर्मासमध्ये चहा घेऊन, म्हणजे त्यांना थांबावं लागणार नाही.